नायक कोणास म्हणावे?

शालेय वार्षिकांतून वाचनाविषयी जे लेख येतात, त्यांत कादंबरीसंबंधी बहुधा दोनच उपदेश आढळतात. कादंबऱ्या वाचू नयेत, हा पहिला. आणि वाचल्याच तर त्या ऐतिहासिक व बोधपर असाव्यात, हा दुसरा. हे दोन्ही उपदेश आम्हीही वर्गात अनेकदा केलेले आहेत. प्रस्तुत लेखात मात्र आम्हांस एका निराळ्या जातीच्या कादंबरीची बाजू मांडावयाची आहे, आणि ती मांडण्यापूर्वी एक कबुली देणे प्राप्त आहे.

गेल्या वर्षी दहावीच्या वर्गात व्याकरणाचा तास चालू असता शेवटून दुसऱ्या बाकावरील एक विद्यार्थिनी खाली मान घालून हसताना आम्हांस दिसली. कर्मणी प्रयोगात हसण्यासारखे काही नसते, हे आम्हांस दहा वर्षांच्या अनुभवाने ठाऊक आहे. जवळ जाऊन पाहतो तो व्याकरणाच्या पुस्तकाआड पाने पिवळी पडलेली एक जुनी इंग्रजी कादंबरी! मुखपृष्ठावर लांब झग्यातील एक युवती व उंच गळपट्ट्याचा एक तरुण. आम्ही पुस्तक जप्त केले. एवढ्यावर न थांबता, असल्या पुस्तकांनी मुलींची डोकी फिरतात, असे साऱ्या वर्गादेखत सुनावले. मुलगी काही बोलली नाही. त्या रात्री पालकांना पाठवावयाच्या चिठ्ठीत पुस्तकाविषयी नेमके काय लिहावे हे ठरविण्यासाठी आम्ही ते उघडले. दुसऱ्या रात्री ते संपले, तेव्हा चिठ्ठी लिहावयाची राहून गेली होती. आणि इतक्या रात्री एकटेच काय हसता, अशी घरातून दोनदा विचारणा होऊन गेली होती.

ते पुस्तक म्हणजे जॉर्जेट हेयर या इंग्रज लेखिकेची १९५३ साली प्रसिद्ध झालेली 'कोटिलियन' ही कादंबरी. पुढे सुट्टीत तिच्या आणखी पाचसहा कादंबऱ्या मिळवून वाचल्या. त्या वाचनातून जे मत बनले ते येथे देत आहोत.

प्रथम या कादंबऱ्यांचा काळ ध्यानी घेतला पाहिजे. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज मनोविकारामुळे राज्यकारभारास असमर्थ ठरला, तेव्हा ५ फेब्रुवारी १८११ रोजी त्याचा थोरला पुत्र राजप्रतिनिधी झाला. २९ जानेवारी १८२० रोजी राजा निवर्तला आणि हा पुत्रच चौथा जॉर्ज म्हणून गादीवर आला. मधल्या या नऊ वर्षांस इंग्रजीत 'रीजन्सी' असे नाव आहे. जेन ऑस्टिनच्या सहाही पूर्ण कादंबऱ्या याच नऊ वर्षांत, १८११ ते १८१७ या अवधीत, छापल्या गेल्या. ऑस्टिनने लिहिले ते स्वतःच्या काळाविषयी. हेयरचा जन्म १९०२ चा. तिने सव्वाशे वर्षे मागे जाऊन तो काळ पुन्हा उभा केला. १९३५ साली 'रीजन्सी बक' ही तिची या काळावरील पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली, आणि १९७४ साली तिचे निधन होईपर्यंत तिच्या पुस्तकांची संख्या पन्नासाच्या वर गेली होती. त्या काळचे पोशाख, घोडागाड्या, तपकिरीचे प्रकार, रस्त्यावरील बोली यांची टिपणे तिने वर्षानुवर्षे वह्यांतून साठविली होती. 'अॅन इन्फेमस आर्मी' या १९३७ च्या कादंबरीतील वॉटर्लूच्या लढाईचे वर्णन तर इतिहासाच्या अभ्यासकांनीही वाखाणलेले आहे. मुलाखतींपासून मात्र ती आयुष्यभर दूर राहिली. अशा चिकित्सक बाईने लिहिलेल्या प्रेमकथांस केवळ प्रेमकथा म्हणून हातावेगळे करणे बरोबर नव्हे.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. आपल्या संस्कृत नाट्यशास्त्राने नायकाचे चार प्रकार सांगितले आहेत : धीरोदात्त, धीरोद्धत, धीरललित आणि धीरप्रशांत. हेयरनेही आपल्या नायकांचे विनोदाने दोन नमुने पाडले होते. पहिला नमुना रागीट, उद्धट, हुकमत गाजविणारा. दुसरा सफाईदार, रुबाबदार, जिभेचा तल्लख. तिच्या पुष्कळ कादंबऱ्यांतून हे दोन नमुने आलटून पालटून येतात, आणि खरे सांगावयाचे तर त्यांपैकी काही नायक आम्हांस फारसे रुचले नाहीत. परंतु तिची जी पुस्तके वाचताना हसूही आले आणि मिटल्यावर विचारही करावासा वाटला, त्यांचे नायक संस्कृतच्या चार प्रकारांत बसत नाहीत आणि लेखिकेच्या स्वतःच्या दोन नमुन्यांतही बसत नाहीत. या वेगळ्या नायकांतच या कादंबऱ्यांचे खरे आकर्षण आहे, असे आमचे मत आहे.

'कोटिलियन'चेच उदाहरण घेऊ. किटी चेरिंग ही अनाथ मुलगी एका कवडीचुंबक म्हाताऱ्याच्या आश्रयास आहे. म्हातारा जाहीर करतो की, त्याच्या पुतण्या-भाच्यांच्या मुलांपैकी एकाशी तिने लग्न केले तर सारी इस्टेट तिला मिळेल. न केले तर एक दमडीही नाही. उमेदवार जमतात. ज्याच्यावर तिचे मन आहे तो देखणा, खेळाडू, वाक्पटू जॅक मात्र मुद्दाम येत नाही. आपल्याशिवाय ती कोणास होकार देणार, अशी त्याची खात्री असते. मानी किटी हिमवर्षावात घर सोडून निघते. वाटेतील खाणावळीत तिला फ्रेडी भेटतो. तोही त्याच नात्यातला, परंतु इस्टेटीच्या अटीची त्यास गंधवार्ता नाही, आणि घरचा श्रीमंत असल्याने पैशाची गरजही नाही. महिनाभर लंडन पाहता यावे म्हणून किटी त्याला लटक्या वाङ्निश्चयासाठी गळ घालते. लंडनला जाण्यामागे जॅकला डिवचावे हा तिचा अंतःस्थ हेतू असतो. फ्रेडी घाबरतो, नाही म्हणतो, आणि तिचे रडणे पाहवत नाही म्हणून शेवटी हो म्हणतो.

हा फ्रेडी देखणा नाही. त्यास घोडदौडीची वा मर्दानी खेळांची कीर्ती नाही. आपल्याला बुद्धी बेताची आहे, हे तो मोकळेपणाने सांगतो, आणि घरची माणसे तसेच समजतात. त्यास कळते ते कपड्यांतले आणि समाजात कसे वागावे यातले. किटीला लंडन दाखविताना तो बापडा प्राचीन ग्रीक शिल्पांपुढे उभा राहतो, तेव्हा ही तर मोडकी आहेत, यांची डोकीसुद्धा शाबूत नाहीत, याचेच त्यास नवल वाटते. येथपर्यंत वाचक त्यास विदूषक समजतो, आम्हीही समजलो. नायक जॅकच असणार, उशिरा का होईना तो सुधारेल, अशी प्रेमकथांनी आपली सवय करून ठेवलेली असते.

परंतु पाने उलटत जातात तसे एक गमतीचे सत्य ध्यानात येऊ लागते. अडचण आली की उपाय फ्रेडीकडे असतो. त्याच्या आईच्या घरी मुलांना गोवर निघालेला असतो. तेव्हा किटीने कोठे राहावे याची सोय तो बहिणीकडे लावून देतो. किटीला कोणता रंग शोभेल हे त्यास कळते. कोणत्या माणसाबरोबर तिने दिसू नये हेही कळते. डॉल्फिंटन नावाचा मंदबुद्धीचा एक नातलग आईच्या धाकात वाढलेला असतो. त्याचे त्याच्या मनातील मुलीशी लग्न लावून देण्याचा घाट किटी घालते. उत्साहाने सर्वांना धर्मोपदेशकाच्या घरी नेते, आणि ऐन वेळी लक्षात येते की, विवाहाचा खास परवाना आणावयाचाच राहिला! तेवढ्यात फ्रेडी येऊन पोहोचतो. परवाना त्याच्या खिशात असतो. तिला हे सुचणार नाही हे त्याने आधीच ताडलेले असते, आणि त्याबद्दल तो तिला एका शब्दानेही टोचत नाही.

'कोटिलियन' हे एका नृत्याचे नाव आहे; त्यात नाचता नाचता जोड्या बदलत जातात. कादंबरीतही तसेच होते. शेवटी किटीची जोडी कोणाशी जमते, हे आता सांगावयास नको. येथे विनोद कोणावर झाला, हे पाहण्यासारखे आहे. लेखिकेने फ्रेडीला हसविले नाही. फ्रेडीला हसणाऱ्या आम्हांस तिने हसविले. जो झळकतो तोच नायक, ही आमची समजूत तिने आमच्या नकळत काढून घेतली, आणि तीही उपदेशाचा एक शब्द न उच्चारता.

येथे आम्हांस आमच्याच वर्गातील एक मुलगा आठवला. गुणपत्रकातील शेऱ्याच्या रकान्यात त्याच्या नावापुढे आम्ही सलग दोन वर्षे 'सामान्य' असा शेरा लिहिला होता. मागील सहलीत परतीच्या वाटेवर बसमध्ये एका लहान मुलीस उलट्या होऊ लागल्या. हुशार मुले नाक दाबून पुढे सरकली. आम्ही चालकाशी वेळेचा हिशोब करीत होतो. या मुलाने आपली जागा त्या मुलीस खिडकीशी दिली, कोणाजवळून तरी लिंबू मिळविले, स्वतःच्या बाटलीतील पाणी दिले आणि बस स्वच्छ केली. हे आम्हांस दोन दिवसांनी दुसऱ्याकडून कळले. सहलीच्या अहवालात गाण्याच्या भेंड्या जिंकणाऱ्यांची नावे आली. याचे आले नाही. 'कोटिलियन' वाचून संपली त्या रात्री तो 'सामान्य' हा शेरा आम्हांस फार वेळ टोचत राहिला. प्रगतिपुस्तकात प्रसंगावधानास व कनवाळूपणास रकाना नसतो, हे खरे. पण शिक्षकाच्या डोळ्यांस तो असावयास काय हरकत आहे?

असे नायक हेयरने एकच रंगविला नाही. 'द फाउंडलिंग' या १९४८ च्या कादंबरीचा नायक मोठा ड्यूक आहे खरा. परंतु तो लहानखुरा, लाजाळू व मृदू असून काका आणि जुने नोकर यांच्या अतिकाळजीने गुदमरून गेलेला आहे. ड्यूकपणा बाजूस ठेवला तर आपण कोणी आहोत की नाही, हे पाहण्यासाठी तो एकटाच घराबाहेर पडतो. फसतो, कोंडला जातो, स्वतःच्या युक्तीने सुटतो. 'ब्लॅक शीप' या १९६६ च्या कादंबरीतील माइल्स कॅल्व्हर्ली तर घराण्याने वाया गेलेला म्हणून हिंदुस्थानात धाडून दिलेला इसम. बऱ्याच वर्षांनी तो पैसा मिळवून परत येतो. पण ना रूप, ना शिष्टाचार, ना लोकलज्जा. जगाच्या ढोंगास तो फक्त हसतो, आणि त्या हसण्यात नायिकेस प्रथमच मोकळा श्वास मिळतो.

परंतु आमच्या मनास सर्वांत जवळचा वाटला तो १९५९ च्या 'द अननोन एजॅक्स'मधील ह्यूगो डॅराकॉट. त्याची आई यॉर्कशरच्या गिरणीवाल्याची मुलगी. त्यामुळे घराण्याचा वारस म्हणून तो आजोबांच्या घरी येतो, तेव्हा हा कोणी अडाणी रांगडा असणार, अशी सर्वांची अटकळ असते. ह्यूगो ती अटकळ ओळखतो, आणि मुद्दाम यॉर्कशरची ठसकेबाज बोली बोलू लागतो. मंडळी नाके मुरडतात. कोणी त्यास शुद्ध बोलावयास शिकविण्याचीही तयारी दाखवितो. वस्तुतः हा गृहस्थ चांगल्या शाळेत शिकलेला, सैन्यात मेजरच्या हुद्द्यास चढलेला आणि त्या साऱ्यांहून धनवान असतो. शेवटी घराण्याच्या अब्रूवर संकट येते, तेव्हा तोच साऱ्या कुटुंबास एका नाटकात उभे करून संकट टाळतो. आम्ही घरी कोकणी बोलतो आणि शाळेत मराठी शिकवितो. लहानपणी मराठीच्या तासाला आमच्या तोंडून एखादा घरचा शब्द निघाला की वर्ग हसत असे, आणि पुढे कित्येक दिवस तो शब्द उच्चारण्याची आम्हांस भीती वाटे. ह्यूगोने आपली बोली ढालीसारखी नव्हे, तर बासरीसारखी वाजविली, हे वाचून आम्हांस जो आनंद झाला तो केवळ वाङ्मयीन नव्हता. आपल्या सीमाभागात कोकणी, कन्नड, उर्दू अशा घरच्या भाषा बोलणारी मुले मराठीच्या बाकावर बसतात. त्यांनी ही कादंबरी मोठेपणी अवश्य वाचावी.

या नायकांची वंशावळ शोधू गेल्यास ती ऑस्टिनपाशीच पोहोचते. तिच्या 'नॉर्थँगर अॅबी'तील हेन्री टिल्नी पहिल्याच भेटीत नायिकेच्या बरोबरच्या बाईंशी मलमलीच्या भावाविषयी गंभीरपणे बोलतो, आणि बहिणीसाठी अस्सल हिंदुस्थानी मलमल आपण किती स्वस्तात घेतली हे सांगतो. त्या काळी भयकथांतील नायक काळोख्या किल्ल्यांतून डोळे वटारून फिरत असत. ऑस्टिनने त्यांच्यासमोर मलमलीची पारख असलेला, थट्टेखोर, सुज्ञ तरुण उभा केला. आपल्या मराठीतही चिं. वि. जोशी यांचा चिमणराव नायकपणाचे एकही लक्षण अंगी नसता आपल्या घरचाच होऊन बसला. मात्र चिमणराव प्रेमकथेचा नायक नव्हे. प्रेमकथेच्या ऐन मध्यावर असा माणूस आणून बसविणे, हे धाडस निराळे.

हे धाडस महत्त्वाचे का, हे आता सांगितले पाहिजे. सोळा वर्षांच्या मुलामुलींस प्रेम म्हणजे काय हे कोणी समोर बसवून सांगत नाही. ते त्यांस पडद्यावरून कळते. तेथील नायक नकार ऐकून घेत नाही, पाठलाग करतो, दरडावतो, आणि तेच त्याच्या प्रेमाचे प्रमाण ठरते. मुलगे ते पाहून तसे चालू लागतात. मुली तसे चालणाऱ्याची वाट पाहू लागतात. यावर आम्ही शिक्षक मंडळी व्याख्याने देतो, आणि व्याख्यानाने जे घडते तेवढेच घडते. हेयरचा विनोद तेच काम अधिक चांगले करतो. उद्धट जॅकला ती खलपुरुष करीत नाही. ती त्यास फक्त फ्रेडीच्या शेजारी उभा करते. मग तो मोहक पुरुष आपोआपच थोडा हास्यास्पद दिसू लागतो. ज्याच्याविषयी एकदा हसू आले त्याचा मोह उरत नाही.

या कादंबऱ्यांवरील आक्षेप आम्हांस ठाऊक आहेत, आणि त्यांपैकी एक तर फार सबळ आहे. हे जग श्रीमंतांचे आहे. त्याच नऊ वर्षांत इंग्लंडमध्ये विणकर यंत्रे फोडीत होते, आणि १६ ऑगस्ट १८१९ रोजी मँचेस्टर येथे मताधिकार मागणाऱ्या जमावावर घोडेस्वार घातले गेले. नृत्यगृहांत याचा आवाज क्वचितच पोहोचतो. टिल्नीची मलमल आमच्या देशातील. माइल्सचा पैसा आमच्या देशातून नेलेला. लंडनमध्ये हे नाच चालले होते त्याच सुमारास, नोव्हेंबर १८१७ मध्ये, खडकीची लढाई झाली. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि आपला बेळगावचा किल्लाही इंग्रजांच्या हाती गेला. 'द ग्रँड सोफी' या १९५० च्या कादंबरीत ज्यू सावकाराचे जे चित्र आहे ते तर सरळसरळ विद्वेषाचे आहे. तेथे आम्हांस हसू आले नाही, आणि येऊही नये. म्हणून ही पुस्तके वाचावी ती इतिहासाचे पुस्तक शेजारी ठेवून. परंतु दोष आहेत म्हणून पुस्तकच टाकून द्यावयाचे ठरले, तर आमच्या कपाटांत फारच थोडी पुस्तके उरतील.

दुसरा आक्षेप असा की, हे निव्वळ मनोरंजन, यात वेळ फुकट जातो. यास उत्तर म्हणून एकच हकीकत सांगतो. रूमानियात बारा वर्षे राजकीय बंदिवासात काढलेल्या एका स्त्रीने सुटकेनंतर हेयरला पत्र लिहिले. 'फ्रायडेज चाइल्ड' या १९४४ च्या विनोदी कादंबरीचे कथानक तुरुंगातील सोबतिणींना पुन्हा पुन्हा सांगून तिने त्या सर्वांचे धैर्य टिकविले होते. लेखिकेने ते पत्र जपून ठेवले. ज्या हसण्याने माणसे तुरुंगात तगली, त्यास फुकट म्हणावयाचे असेल तर म्हणणाऱ्याने आधी तितका काळ तितक्या अंधारात काढून पाहावा.

कादंबरी संपविल्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पुस्तक परत केले. ज्या वर्गासमोर मुलीस बोललो होतो त्याच वर्गासमोर, पुस्तकाविषयी आमचे चुकले, असे सांगितले. व्याकरणाच्या तासाला वाचणे हीही चूकच होती, ही पुस्ती जोडावयास विसरलो नाही. त्या वर्षीच्या गुणपत्रकात त्या मुलाच्या नावापुढे निराळा शेरा गेला. ग्रंथपालांच्या संमतीने इंग्रजी कपाटात अशा पुस्तकांसाठी अर्धा खण मिळाला असून, तेथे सध्या हेयरच्या तीन व ऑस्टिनच्या दोन कादंबऱ्या आहेत. घरी जुन्या प्रती पडून असतील त्यांनी त्या अवश्य आणून द्याव्यात.

पुस्तक हाती घेताना त्या मुलीने विचारले, "सर, फ्रेडीच नायक आहे, हे तुम्हांला केव्हा कळलं?"

"फार उशिरा," आम्ही म्हणालो. आणि ते अगदी खरे होते.